मापात शिवायचे, पण माया ठेवून

दरवर्षी ऑगस्ट महिन्यात आपल्या शाळेत देशाच्या स्वातंत्र्यावर भाषणे होतात. मला या लेखात त्याहून लहान स्वातंत्र्याबद्दल लिहायचे आहे. देशाच्या नव्हे, एका माणसाच्या. माझ्या आणि तुमच्या. ते खरोखर मिळते का? आणि मिळत असेल तर कितपत?

हा प्रश्न माझ्यापुढे टाकला माझ्या चुलतभावाने. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी म्हैसूरला घरी गेलो होतो. भाऊ माझ्याच वयाचा, सेकंड पीयूसीला. एका संध्याकाळी गच्चीवर तो म्हणाला, "बिगुल वाजला की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, केस कापायचे ते पण त्यांच्या मापाने. पुढे एनडीएला गेलास तर जन्मभर हेच. तुझं स्वतःचं असं काय आहे रे?"

मी म्हणू शकलो असतो की तूही काही फार मोकळा नाहीस. सकाळी सहाचा कोचिंग क्लास तुझ्या वडिलांनी ठरवला, कॉलेज मार्कांनी ठरवले, आणि रात्री दोनपर्यंत जागायचे हे तुझ्या हातातला मोबाइल ठरवतो. पण त्याला गप्प करून माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नव्हते. तो झोपायला गेला आणि प्रश्न माझ्याकडे राहिला.

आमचे घर देवराज मोहल्ल्यात आहे. म्हैसूर पाहिलेल्यांना देवराज मार्केट नक्की आठवेल. कुंकवाचे आणि रंगांचे निमुळते ढीग, मल्लिगेचे गजरे, विड्याच्या पानांच्या चवडी, केळ्यांचे लोंगर. जवळच डफरिन क्लॉक टॉवर आहे. त्याला आम्ही सगळे 'चिक्क गडियार' म्हणतो, म्हणजे छोटे घड्याळ. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि बाजारात जी चालेल ती भाषा, अशी आमची रीत. आज्जाने सुरू केलेले शिवणकामाचे दुकान आता अप्पा चालवतात. तिथून थोडे चालले की सयाजीराव रस्ता लागतो. दसऱ्याला सोन्याची अंबारी घेऊन हत्ती याच रस्त्याने बन्नीमंटपाकडे जातो. पूर्वी अंबारीत म्हैसूरचे महाराज बसत. आता चामुंडेश्वरी देवीची मूर्ती असते.

या रस्त्याचे सयाजीराव म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. कन्नड पाट्यांच्या गर्दीत एक मराठी नाव आहे म्हणून आज्जाला त्या पाटीचे फार कौतुक. भावाच्या प्रश्नानंतर मी या महाराजांचे चरित्र वाचायला घेतले. माझा हिशेब सरळ होता. शिपायाला स्वातंत्र्य कमी, साध्या नागरिकाला त्याहून जास्त आणि राजाला तर पुरेपूर असणार. तेव्हा संपूर्ण स्वतंत्र माणूस कसा असतो ते राजाकडेच पाहावे.

सयाजीरावांचे मूळ नाव गोपाळराव. जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी, शेतकरी घरात. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने बडोद्याच्या मल्हाररावांना गादीवरून दूर केले. वारस हवा होता, म्हणून गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतली मुले बडोद्याला नेण्यात आली आणि त्यांतून बारा वर्षांच्या गोपाळची निवड झाली. महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले. नाव बदलले, घर बदलले, आईही बदलली. तोवर त्याला धड अक्षरओळखही नव्हती. मग इलियट साहेबांसारखे शिक्षक, दिवाण सर टी. माधवरावांची देखरेख आणि ठरलेले वेळापत्रक. १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

हे वाचताना मला आपल्या शाळेचा पहिला दिवस आठवला. आपणही साधारण त्याच वयात इथे येतो. अकराव्या वर्षी मी परीक्षा दिली ती अप्पांनी फॉर्म भरला म्हणून. ट्रंक आईने भरली, गाडीत आज्जाने बसवले. मला विचारले नव्हते असे नाही, पण अकरा वर्षांच्या मुलाच्या 'हो'ला कितीसा अर्थ असतो? इतक्या वर्षांनी आज मला सैन्यात जावेसे वाटते. ही इच्छा माझी स्वतःची आहे, की रोज सकाळी धावता धावता ती माझ्यात कोणी पेरली? भावाने विचारलेल्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो.

राजाकडे परत येऊ. पूर्ण अधिकार मिळाले म्हणजे सयाजीराव मोकळे झाले का? त्यांना प्रवासाची आवड होती. युरोपातल्या शाळा, ग्रंथालये, कारखाने पाहायचे आणि त्यातले चांगले बडोद्यात आणायचे, असा त्यांचा क्रम होता. १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने परिपत्रक काढले की संस्थानिकांनी परदेशी जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी. पदरी फौज आणि हत्ती बाळगणाऱ्या माणसाला बोटीत बसण्यासाठी परवाना हवा! आपल्याला रविवारी गावात जायला आउटपास लागतो, तसाच हा राजाचा आउटपास. पुढे १९११ मध्ये दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहापुढे त्यांनी ठरल्याप्रमाणे मुजरा केला नाही, एकदाच लवून पाठ फिरवली, असा इंग्रजी वृत्तपत्रांनी गवगवा केला. महाराजांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचे पत्र पाठवावे लागले. किती वेळा वाकायचे आणि पाठ कुठे करायची, एवढेसुद्धा राजाच्या हातात नव्हते.

माझा हिशेब तिथेच कोसळला. पण त्याच चरित्रात मला दुसरी गोष्ट सापडली. स्वतःवरच्या बंधनांना कंटाळलेल्या या राजाने आपल्या प्रजेवर एक मोठे बंधन घातले. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मुलांना आणि मुलींनाही. मूल शाळेत पाठवले नाही तर पालकांना दंड. गुरे राखायला, धाकट्या भावंडाला सांभाळायला, शेतात राबायला मूल घरी ठेवण्याचे आईबापांचे 'स्वातंत्र्य' त्यांनी काढून घेतले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असाच कायदा व्हावा म्हणून विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक फेटाळले गेले. आमच्या म्हैसूर संस्थानाने मात्र १९१३ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. तेव्हा विश्वेश्वरय्या दिवाण होते.

आता पाहा, कर्झनचे परिपत्रक हे बंधन आणि सयाजीरावांचा शाळेचा कायदा हेही बंधनच. दोन्ही हुकूम वरून आले, मोडले तर दोन्हीकडे शिक्षा. मग एक आपल्याला जाचक का वाटते आणि दुसऱ्याबद्दल आपण आदराने का बोलतो?

याचे उत्तर मला पुस्तकात नाही, आमच्या दुकानात मिळाले. मे महिना म्हणजे आमच्याकडे शाळेच्या युनिफॉर्मचा हंगाम. अप्पा कटिंगच्या टेबलावर, दोन कारागीर मशीनवर, आणि आज्जा आता डोळ्यांनी कमी दिसते तरी खुर्चीत बसून काजबटणे तपासतो. एक आई मुलाची जुनी पँट घेऊन आली. पोरगा वर्षात चार बोटे वाढला होता. आज्जाने शिवण चाचपली आणि म्हणाला, "काळजी नको, माया ठेवलीय." ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. कपडा अंगाला नेमका बसतो. पण मूल वाढले की शिवण उसवायची, माया सोडायची आणि तोच कपडा पुन्हा अंगावर येतो. माया नसेल तर कपडा फाटतो, नाहीतर पोराने वाढणे थांबवावे लागते!

मला वाटले, बंधनाची परीक्षा हीच. कपडाच नको म्हणणे हे काही स्वातंत्र्य नव्हे. आणि माप नसलेला सदरा घालून कोणाला धावता येत नाही. पाहायचे ते इतकेच की शिवताना माया ठेवली होती का? कर्झनच्या परिपत्रकात माया नव्हती. राजा कितीही शहाणा झाला तरी त्याने परवानगी मागतच राहायचे होते. शाळेच्या सक्तीत माया होती. काही वर्षांनी ती सक्ती संपणार होती आणि तोवर मुलाला वाचता येणार होते. ज्याला वाचता येते त्याला सावकाराच्या कागदावर डोळे मिटून अंगठा उठवावा लागत नाही.

इथेच लेख संपवला असता तर तो सोपा झाला असता. चांगले बंधन पाळा, स्वतंत्र व्हा, एवढेच सांगून. पण बडोद्याची गोष्ट पुढे जाते आणि ती सोपी नाही.

१९१३ साली सयाजीरावांनी एका तरुणाला अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. करार असा होता की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. हेही बंधनच, आणि त्यांनी ते आपणहून स्वीकारले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनला शिकून १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला आले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली. आपल्यासारख्यांनी हे पद जरा डोळ्यांपुढे आणावे. हाताशी परदेशी पदवी, राजाचा पाठिंबा, सरकारी पगार. माणसाला मोकळे व्हायला आणखी काय लागते?

लागते ते असे की शेजाऱ्याने दार उघडले पाहिजे. बडोद्यात त्यांना कोणी राहायला जागा देईना. कचेरीतले शिपाई फायली दुरून टेबलावर फेकत. शेवटी ते पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा विचारला. दोघांनीही अडचणी सांगितल्या. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते पाच तास कामाठी बागेत बसून राहिले. हा प्रसंग त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहिला आहे. ती बाग सयाजीरावांनीच लोकांसाठी केलेली. आज ती सयाजीबाग म्हणून ओळखली जाते.

मी हे वाचून पुस्तक बाजूला ठेवले. बाबासाहेबांनी स्वतःच्या बाजूने करायचे ते सगळे केले होते. अभ्यास, कष्ट, शिस्त, दिलेला शब्द पाळणे. त्यांच्या मनाला कोणी बेड्या घालू शकले नव्हते. 'खरे स्वातंत्र्य मनात असते' असे आपण सुविचारांच्या फळ्यावर लिहितो. पण मन मोकळे असूनही रात्री डोके टेकायला जागा नसेल, तर त्या माणसाला तुम्ही स्वतंत्र आहात असे सांगायची हिंमत कोणाला होईल? त्या दिवशी बडोद्यात त्यांचे स्वातंत्र्य त्यांच्याकडे नव्हते. ते दार लावून घेणाऱ्या लोकांकडे होते. त्यातले बहुतेक साधेच लोक असणार, त्यांच्याकडे ना सत्ता ना फौज. एकेक कडी मात्र प्रत्येकाच्या हातात होती.

देश स्वतंत्र झाला म्हणून हे आपोआप मिटत नाही, हे आमच्या म्हैसूरनेही पाहिले आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशभर तिरंगा फडकला, पण म्हैसूर संस्थानात लोकांचे सरकार आले नव्हते. सप्टेंबरात 'म्हैसूर चलो' चळवळ सुरू झाली. त्या दिवसांत म्हैसूरात रामस्वामी नावाचा एक विद्यार्थी गोळी लागून मारला गेला. आज रामस्वामी सर्कलमधून बस वळते तेव्हा कंडक्टर त्याचेच नाव घेतो. ऑक्टोबरात के. सी. रेड्डी यांचे मंत्रिमंडळ आले. शाळेत जायच्या वयाचा तो मुलगा, देश स्वतंत्र झाल्यावर, स्वातंत्र्यासाठी गेला. त्याला ते पाहायला मिळाले नाही. त्याच्यामुळे ते इतरांना मिळाले.

आणि बडोद्याच्या बागेत बसलेला तो तरुण पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. घटनेच्या २१व्या कलमात व्यक्तीच्या जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण आहे. १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. बंद दारांना कायद्याने दिलेले ते उत्तर आहे. पण त्याच घटनेत ३३वे कलमही आहे, आणि ते आपल्यासाठी आहे. सैन्यातील लोकांचे मूलभूत हक्क त्यांच्या कर्तव्यासाठी आणि शिस्तीसाठी मर्यादित करण्याचा अधिकार त्या कलमाने संसदेला दिला. त्यानुसार १९५० च्या आर्मी अॅक्टमध्ये २१वे कलम आले. संघटना स्थापन करणे, राजकीय सभांत भाग घेणे, वर्तमानपत्राशी बोलणे यांवर सैनिकाला बंधने आहेत. म्हणजे इतरांचे स्वातंत्र्य राखायला जो उभा राहतो, त्याला स्वतःचे थोडे बाजूला काढून ठेवावे लागते. आपल्यापैकी ज्यांना गणवेश हवा आहे त्यांनी फॉर्म भरण्याआधी हे वाचावे असे मला मनापासून वाटते. फॉर्म भरू नये म्हणून नव्हे. आपण काय देतो आहोत हे माहीत असेल तरच ते देणे आपले असते.

मी ते वाचले आणि एका रात्री दुकान बंद करताना अप्पांना विचारले, "मी एनडीएचा फॉर्म भरलाच नाही तर?"

अप्पा कात्र्या पुसत होते. त्यांना काय वाटले ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. इतकी वर्षे त्यांनी ओळखीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितले आहे की मुलगा मिलिटरी स्कूलमध्ये आहे. थोड्या वेळाने म्हणाले, "नाही भरलास तर दुसरं काहीतरी करशील. दुकान आहे, कॉलेजं आहेत." मग शटर ओढून कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "अकरा वर्षांचा होतास तेव्हा फॉर्म मी भरला. आता तुझा तू भर, नाहीतर नको भरू. भरलास तर शंभर रुपये फी तेवढी माझ्याकडून घे."

घरी पोहोचेपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही. पण माझा अवघड प्रश्न त्या वाटेवर थोडा सुटला. इच्छा कुठून आली याचा शोध घेत बसलो तर कोणाचीच इच्छा पुरती स्वतःची निघणार नाही. कवळाण्याच्या गोपाळने राजा व्हायचे ठरवले नव्हते. ते त्याच्यासाठी ठरवले गेले. पण राजा झाल्यावर शाळा काढायच्या की शिकारी करायच्या, हे त्यानेच ठरवले. सुरुवात आपल्या हातात नसते. ती पुढे नेताना 'नाही' म्हणायची वाट खुली असेल आणि तरीही आपण 'हो' म्हटले, तर ती गोष्ट आपली होते. अप्पांनी त्या रात्री माझी माया सोडली. मी फॉर्म भरला, तो स्वतःच्या हाताने.

तरीही एक शंका राहतेच. एकदा 'हो' म्हटले आणि हुकूम मानायचे ठरवले, की पुढे माणसाला स्वतःचे असे काही उरते का? याचे उत्तर मला फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांच्या गोष्टीत सापडते. १९७१ च्या युद्धात त्यांचे विमान पडले आणि ते रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत अडकले. सुटका आज ना उद्या होणार होती, गप्प बसून राहिले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. पण १२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री कोठडीची भिंत फोडून ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे बाहेर पडले आणि अफगाणिस्तानच्या दिशेने पेशावरपर्यंत आणि त्याही पुढे लंडी कोतलपर्यंत पोहोचले. सीमा काही मैलांवर राहिली असताना ते पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर युद्धकैद्यांबरोबर ते भारतात परतले.

हिशेबाने पाहिले तर प्रयत्न फसला. पण त्या कोठडीत सगळे काही दुसऱ्याच्या हाती असताना, काय करायचे ते त्यांनी स्वतः ठरवले. शिस्तीने त्यांचे मन मोडले नव्हते, उलट शिस्तीनेच इतकी तयारी करून घेतली होती. आणि आणखी एक. भिंतीतून बाहेर पडले तिघे, पण होकायंत्र बनवून दिले आत राहणाऱ्या एका सोबत्याने, सुई चुंबकित करून. बेत ठाऊक असलेले आणि तो गुप्त ठेवणारे सोबती आतच राहिले. त्यांना बाहेर जायचे नव्हते, तरी त्यांनी वाट करून दिली.

म्हणून माझे उत्तर असे. वैयक्तिक स्वातंत्र्य मिळते, पण पुरे कधीच मिळत नाही, आणि एकट्याला तर मुळीच नाही. त्याचा एक भाग स्वतः कमवावा लागतो, अभ्यासाने, शिस्तीने, आणि स्वतःच्या 'हो' आणि 'नाही'ला किंमत देऊन. दुसरा भाग मात्र आपल्या आजूबाजूच्या माणसांच्या हातात असतो. तो आपण मागू शकतो, त्यासाठी भांडू शकतो, पण एकट्याने बनवू शकत नाही. याचीच दुसरी बाजू अशी की इतरांच्या स्वातंत्र्याचा थोडा थोडा भाग आपल्याही हातात असतो. आपल्याला मिळेल की नाही याची खात्री नसते. पण आपल्या हातातला दुसऱ्याचा भाग त्याला द्यायचा की नाही, हे आज, आत्ता, पूर्णपणे आपल्यावर आहे.

हे फार मोठे वाटत असेल तर आपल्या डॉर्मिटरीकडे पाहा. आपल्याकडे सीनियरचा शब्द चालतो आणि तो चालावाही. पण ज्युनियरला दिलेले हुकूम दोन प्रकारचे असतात. 'पाच मिनिटांत फॉल-इन', 'बूट चमकले पाहिजेत', 'प्रेपमध्ये बोलायचे नाही' हे पहिल्या प्रकारचे. यांत माया आहे. हे पाळून तो मुलगा वाढतो आणि उद्या त्याला हे सांगावे लागत नाही. 'माझे बूट तू चमकव', 'माझी गादी घाल', 'कोणाला सांगितलेस तर बघ' हे दुसऱ्या प्रकारचे. यांत त्याचे काही वाढत नाही, फक्त आपली ऐट वाढते. आपल्यालाही कोणीतरी असेच करायला लावले होते, हे त्याचे कारण होऊ शकत नाही. कर्झनच्या परिपत्रकाने चिडलेल्या राजाने आपल्या प्रजेसाठी दुसरे परिपत्रक काढले नाही, शाळा काढल्या.

या वर्षी आमच्या हाऊसमध्ये आम्ही बारावीच्या मुलांनी बसून एक साधी गोष्ट ठरवली. ज्याचे बूट त्याने चमकवायचे, आणि बाथरूमच्या रांगेत वर्ग पाहायचा नाही, आधी आलेला आधी. पहिले आठ दिवस सहावीतली मुले आम्हाला पाहून रांगेतून बाजूला होत होती. त्यांना वाटे ही काहीतरी परीक्षा आहे. आता होत नाहीत. परवा एक छोटा कॅडेट टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यापुढे उभा होता. मागे वळून म्हणाला, "सर, मला अजून वेळ लागेल." मी म्हटले, "लागू दे." बिगुल व्हायला दहा मिनिटे होती.